आधी कोपर मोजा, मग खुर्ची घ्या

वाचकांचे प्रश्न

कामाची जागा आणि तिच्यापायी जडणारी दुखणी, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. एक औद्योगिक अभियंता आणि एक फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून त्यांची उत्तरं दिली आहेत. बऱ्याच पत्रांत प्रश्न एकच होता: कुठली खुर्ची घेऊ? त्या सगळ्यांसाठी पहिल्या पत्राचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : पणजीतल्या एका वित्तसंस्थेत मी दिवसभर संगणकावर नोंदी करते. उंची पाच फूट. यंदा ऑफिसने सगळ्यांना चौदा-चौदा हजारांच्या नव्या खुर्च्या दिल्या. कमरेला आधार आहे, पाठीला जाळी आहे, टेकायला हात आहेत. तरी दुपारनंतर मान आणि उजवा खांदा भरून येतो, आणि पूर्वीपेक्षा जास्तच. खुर्ची चुकीची आली का?
एक वाचक, ताळगाव

उत्तर : खुर्ची बहुधा ठीकच आहे, घोळ टेबलाचा आहे. सुताराने केलेलं असो की शोरूममधून आणलेलं, आपल्याकडचं लिहिण्याचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. आता चपला घालून, तळवे जमिनीवर सपाट टेकवून बसा. दंड अंगालगत सैल सोडा आणि कोपर काटकोनात वाकवा. तुमच्या उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून ६० ते ६३ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे कीबोर्ड तुमच्या कोपरापेक्षा चांगला वीतभर नसला तरी बारा-तेरा सेंटिमीटर वर आहे. तिथवर हात पोचवायचे तर खांदे उचलून धरावे लागतात, नाहीतर दंड बाजूला फाकवावे लागतात. दोन्हींत मानेपासून खांद्यापर्यंत उतरणारा स्नायू दिवसभर थोडासा आवळलेला राहतो. जोर फार नसतो, पण सुटका नसते, आणि अशा सतत आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही. माऊस कीबोर्डवरच्या आकड्यांच्याही पलीकडे असतो, म्हणून उजवा खांदा आधी तक्रार करतो.

पूर्वीपेक्षा जास्त का दुखतं, त्याचं कारण खुर्चीच्या हातांत शोधा. ते टेबलाच्या कडेला अडत असतील तर तुम्ही टेबलाच्या जवळ जाऊच शकत नाही. मग हात पुढे ताणून टाइप करायचं आणि पाठ खुर्चीच्या पाठीपासून सुटलेली. तो चौदा हजारांचा कमरेचा आधार हवेला टेकून बसतो! हात खाली घेता येत असतील तर टेबलाखाली जातील इतके खाली घ्या. नसतील तर काढून टाका. सीटच्या खालून दोन-तीन बोल्ट असतात, बहुधा ५ किंवा ६ मिलिमीटरची ॲलन की लागते. काढण्याआधी मात्र पाहा: काही स्वस्त खुर्च्यांची पाठ हातांवरच तोललेली असते, तिथे हा उद्योग करू नका.

आता मोजमाप. शिंप्याची टेप घ्या आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर सहकाऱ्याकडून मोजून घ्या. हा तुमचा आकडा. कीबोर्डचा वरचा पृष्ठभाग या आकड्याइतका किंवा त्याहून एक-दोन सेंटिमीटर खाली हवा. त्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली आणि फुकटची: खुर्ची वर घ्या. ऑफिसच्या बऱ्याच खुर्च्यांची सीट ४२ ते ५२ सेंटिमीटरमध्ये खालीवर होते. ५२ वर नेलीत तर कोपर बहात्तर-चौऱ्याहत्तरला येईल, आणि तेवढ्याने काम भागतं. पण पाय लोंबकळतील, मांडीच्या मागच्या बाजूला सीटची कड रुतेल आणि संध्याकाळी पावलं सुजतील. म्हणून पायाखाली दहा सेंटिमीटर उंचीचं, ४० सेंटिमीटर रुंद आणि ३० खोल असं फळीचं पायटं हवं, पुढून थोडं कललेलं. खुर्ची जितकी वर नेली, तितकीच पायट्याची उंची. चिरा आणून ठेवू नका, तो फार उंच होतो.

दुसरी वाट, टेबलाखाली सरकणारा कीबोर्ड ट्रे. तो बसवण्याआधी मांडीची जागा तपासा. सीटपासून ट्रेच्या तळापर्यंत १५ सेंटिमीटर मोकळे हवेत. टेबलाला मधोमध ड्रॉवर असेल तर ही वाट बंद. आणि माऊस ट्रेवरच मावला पाहिजे. कीबोर्ड खाली आणि माऊस वर टेबलावर, ही मांडणी आधीपेक्षा वाईट.

तिसरी वाट सुताराची. लाकडी पाय असतील तर ते कापून घ्या. अर्ध्या तासाचं काम. सरकारी कचेरीत मात्र डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे कचेरीच्या सामानाची नोंदवही, आडवं येतं, तेव्हा तिथे पायटंच बरं.

खुर्ची दहा सेंटिमीटर वर गेली की डोळेही दहा सेंटिमीटर वर जातात आणि स्क्रीन तेवढाच खाली पडतो. हे हमखास विसरलं जातं, आणि खांदा सुटला तरी मान धरते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा दोन बोटं खाली आणा. अंतर हात लांब करून बोटं टेकतील इतकं. मग खुर्चीकडे वळा: पाठ पूर्ण टेकून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत, कमरेचा फुगवटा पट्ट्याच्या उंचीवर यायला हवा, आणि पाठ ताठ ९० अंशांत न ठेवता १०० ते ११० अंशांवर किंचित मागे रेलू द्या. सीटखाली मोठी गोल कळ असते ती मागे रेलण्याचा ताण ठरवते. कारखान्यातून ती घट्ट करूनच येते, त्यामुळे हलक्या अंगाच्या माणसाला खुर्ची मागे झुकतच नाही. ती सैल करा. 'ताठ बस' हा शाळेतला सल्ला आठ तासांच्या कामाला लागू पडत नाही.

प्रश्न : मी साखळीजवळच्या गावातून घरूनच काम करते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, लाकडी खुर्ची. मान आणि पाठ दोन्ही दुखतात. वेगळं फर्निचर घ्यायला जागाही नाही आणि फार पैसेही नाहीत.
एक वाचक, साखळी

उत्तर : लॅपटॉपची खोड जन्मजात आहे. स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे हात नीट ठेवले तर मान वाकते आणि मान नीट ठेवली तर हात छातीपाशी येतात. दोन्ही वेगळे केल्याशिवाय इलाज नाही. साधा कीबोर्ड आणि माऊस घ्या, दोन्ही मिळून हजाराच्या आसपास येतात. उजवीकडे आकड्यांचा भाग नसलेला आखूड कीबोर्ड मिळाला तर उत्तम, माऊस जवळ येतो. कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय उघडू नका; ते उघडले की मनगट मागे मुडपतं.

लॅपटॉप जुन्या पुस्तकांच्या थप्पीवर चढवा. इथे एक गोष्ट हमखास बिघडते. चौदा इंची स्क्रीन हातभर अंतरावर गेला की अक्षरं बारीक दिसतात आणि माणूस नकळत पुढे सरकून वाचायला लागतो. त्याच दिवशी अक्षरं १२५ टक्के मोठी करून टाका.

जेवणाची खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर असते. तिच्यावर घट्ट भरलेली, बसल्यावर दबून सपाट न होणारी उशी टाका. सोफ्याची मऊ उशी नको. पायाखाली देवघरातला जादा पाट घ्या. एक पुरला नाही तर दोन. पाठीमागे टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खळग्यात बसवा. सरकून खाली जात असेल तर दोरीने खुर्चीच्या पाठीला बांधा.

खिडकी बाजूला येईल असे बसा. समोर आली तर डोळे दिपतात, मागे आली तर स्क्रीनवर चमक येते. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या या बाबतीत फार शहाण्या होत्या. उजेड आत यायचा, पण डोळ्यांवर यायचा नाही. आता पातळ पांढरा पडदा लावा.

पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका. तहान लागली की उठून स्वयंपाकघरात जा. अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटं उठणं कुठल्याही खुर्चीपेक्षा कामाचं आहे. सोप्यावर बसून मेल वाचायला हरकत नाही, टायपिंग तिथे नको.

प्रश्न : वय ५४, फोंड्यातल्या कचेरीत लेखनिक. स्क्रीन तुम्ही म्हणता तसा डोळ्यांच्या रेषेत आहे, तरी मानेचा मागचा भाग दुखतो. चष्मा दोन भिंगांचा आहे.
एक वाचक, फोंडा

उत्तर : मग तुमच्यासाठी तो नियम उलटा. जवळचं वाचायचं भिंग चष्म्याच्या खालच्या भागात असतं, म्हणून तुम्ही हनुवटी वर करून स्क्रीनकडे पाहता. स्क्रीन आठ-दहा सेंटिमीटर खाली घ्या, जमल्यास स्टँड काढून जवळजवळ टेबलावरच आणा, आणि वरची कड मागे कलती ठेवा. तरी भागलं नाही तर नेत्रतपासनीसाकडे जाताना डोळे ते स्क्रीन हे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून न्या आणि फक्त संगणकासाठी एकाच नंबरचा चष्मा मागा. ६० सेंटिमीटरचा नंबर आणि वर्तमानपत्र वाचायचा नंबर एक नसतो.

प्रश्न : कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचं खाद्यपदार्थांच्या पॅकिंगचं युनिट आहे. २२ कामगार, बहुतेक बायका, काम उभ्याने. पाकिटं भरायची, पायाच्या सीलरने सील करायची, खोक्यात रचायची आणि १२ किलोचं खोकं जमिनीवरून उचलून सरकत्या पट्ट्यावर ठेवायचं. कामं आलटून पालटून देतो, भरणारीला सीलिंगला पाठवतो. दुपारी तीननंतर सीलमधली खोट वाढते. एक सल्लागार म्हणतात, ॲर्गोनॉमिक, म्हणजे शरीराच्या मापाला जुळणारी, टेबलं घ्या, उत्पादन ३० टक्के वाढेल. खरंच वाढतं का?
एक उद्योजक, कुंडई

उत्तर : ३० टक्क्यांचा आकडा कशावरून काढला, ते त्यांना लेखी विचारा. तुमच्या युनिटचा आकडा तुमच्याच युनिटमध्ये मोजावा लागतो, आणि तो मोजणं अवघड नाही. दोन आठवडे तासागणिक लिहून ठेवा: चांगली पाकिटं किती, खोटी किती, गैरहजेरी किती. मग सगळी टेबलं न बदलता एकच बदला आणि पुढचे सहा आठवडे तेच आकडे दोन्हीकडचे लिहा. सहा आठवडे यासाठी की कुठल्याही बदलानंतर पहिल्या काही दिवसांत काम वाढू शकतं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून दिव्यांच्या उजेडावर प्रयोग झाले, तेव्हा उजेड वाढवला तरी काम वाढलं आणि कमी केला तरी वाढलं. त्याच्या अर्थावरून पुढे वाद झाले, पण आपल्याकडे कुणी लक्ष देतंय या भावनेनेही माणूस जोमाने काम करतो, एवढी सावधगिरी त्यातून घ्यायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यातल्या वाढीवर टेबलांची ऑर्डर देऊ नका.

तुमच्या पत्रातला खरा धागा दुपारी तीननंतरची खोट हा आहे. सकाळी नीट काम करणारे तेच हात दुपारी चुकतात, म्हणजे कौशल्याचा प्रश्न नाही, थकव्याचा आहे. थकवा कुठून येतो ते एकेक करून पाहू.

टेबलाची उंची. उभ्याने करायच्या कामाचा हिशेबही कोपरावरूनच लागतो. बारीक, डोळ्यांचं काम कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर वर. हलकं हातांचं काम, म्हणजे तुमचं पाकिटं भरणं, १० ते १५ सेंटिमीटर खाली. दाबायचं, जोर लावायचं काम १५ ते ४० सेंटिमीटर खाली. ही मापं म्हणजे कामाच्या पृष्ठभागाची नव्हे, हात जिथे चालतात तिथली. टेबलावर २० सेंटिमीटरचं खोकं ठेवून त्यात वरून पाकिटं रचायची असतील तर ते टेबल तितकं खाली हवं. हे विसरूनच बहुतेक पॅकिंगची टेबलं उंच होतात.

बावीस जणींची बावीस कोपरं, मग टेबल कुणाचं? सर्वांत उंच बाईला बेतून करा आणि बाकीच्यांना पायाखाली चौथरे द्या, ५ आणि १० सेंटिमीटरचे. माणूस वर चढवता येतो, टेबल रोज खाली करता येत नाही. चौथरा किमान ९० बाय ६० सेंटिमीटरचा असावा आणि कडा पिवळ्या रंगवाव्यात. लहान केला तर काम करताना पाय बाहेर पडतो आणि घोटा मुरगळतो. मग कुणीच तो वापरत नाही आणि सामान ठेवायला उपयोगी पडतो.

हाताचा पल्ला. कोपर अंगाजवळ ठेवून हात फिरवला की ३५-४० सेंटिमीटरचं अर्धवर्तुळ होतं. दर मिनिटाला लागणाऱ्या वस्तू त्याच्या आत. तासातून दोनदा लागणारी चिकटपट्टी लांब असली तर चालेल. पाकिटांचे क्रेट सपाट ठेवू नका, मागून उचलून पुढे कलते ठेवा.

सीलरचं पेडल. एकच पाय दिवसभर उचलायचा म्हणजे सगळं वजन दुसऱ्या पायावर, आणि कंबर एका बाजूला मोडलेली. पेडल दोन्ही पायांना पोचेल असं मधोमध घ्या आणि जमिनीत बसवता आलं तर टाच टेकलेली राहील इतकं खोल बसवा. ते जमत नसेल तर टाचेखाली पेडलच्या उंचीची फळी ठेवा. पत्र्याच्या टेबलाची धारदार कड मनगटाखाली येत असेल तर तिच्यावर रबरी पट्टी चढवा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कामगार त्याबद्दल सर्वांत आधी आभार मानतात.

आता ते १२ किलोचं खोकं. वजन उचलण्याचा एक १९९१ चा हिशेब आहे, अमेरिकेतल्या नायोश (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा. सगळं अनुकूल असेल तर मर्यादा २३ किलो धरायची आणि प्रत्येक अडचणीसाठी ती कमी करत जायची. तुमचं खोकं जमिनीवरून उचलताना पकड जमिनीपासून १० सेंटिमीटरवर, घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे, आणि उचलून न्यायचं ९० सेंटिमीटरवरच्या पट्ट्यावर, असं धरू. अंतरामुळे २३ चे निम्मे झाले. फार खालून उचलल्यामुळे ०.८ ने गुणायचं, ८० सेंटिमीटर वर न्यायचं म्हणून ०.८८ ने. उरले आठ किलो. मिनिटाला एक खोकं आणि काम दिवसभर असेल तर पुन्हा ०.७५ ने गुणा: सहा किलो. तुम्ही त्यांना त्याच्या दुप्पट उचलायला लावता आहात. तेच खोकं ७५ सेंटिमीटर उंच स्टँडवर भरलं, अंगाजवळ धरून, फक्त १५ सेंटिमीटर वर पट्ट्यावर ठेवलं, तर दिवसभराच्या कामाची मर्यादा चौदा किलोंच्या वर जाते आणि तुमचं १२ किलो तिच्यात बसतं. पकड चांगली आहे आणि अंग पिळत नाही, असं इथे धरलं आहे. खोक्याला हात घालायला भोकं नसतील तर दोन्ही आकडे थोडे खाली येतील. त्याहूनही बरं म्हणजे स्टँड पट्ट्याच्याच उंचीचा करून मध्ये रोलर टाकायचे. मग उचलायचंच नाही, ढकलायचं. भरलेली खोकी लाकडी पॅलेटवर रचायची असतील तर खाली दोन-तीन रिकामी पॅलेट ठेवून सुरुवात करा, पहिला थर जमिनीवर वाकून लावावा लागणार नाही.

काम आलटून पालटून देता, असं तुम्ही लिहिलं आहे. पण भरणारीला सीलिंगला पाठवणं म्हणजे तीच बोटं, तेच मनगट. भरणारीला खोकी ढकलायला, तपासणीला, बसून लेबल लावायला पाठवा. आणि एकच मोठी सुट्टी देण्यापेक्षा दर तासाला पाच मिनिटं द्या. दुपारी तीनला शेडमधला पत्रा किती तापतो तेही थर्मामीटर लावून पाहा. खोटीचं निम्मं कारण टेबलाखाली नसून डोक्यावर निघू शकतं.

प्रश्न : शिवणकामाचं छोटं दुकान आहे. पायाच्या जुन्या मशीनला मोटर बसवली. तेव्हापासून काम दुप्पट होतं, पण कंबर आणि उजवी मांडी धरते.
एक वाचक, म्हापसा

उत्तर : काम दुप्पट झालं, तसं एका जागी बसणंही दुप्पट झालं. पाय मारताना दोन्ही पाय हलत होते, आता उजवा पाय पेडलवर टांगलेला आहे. मोटरचं छोटं पेडल जुन्या पायपट्टीच्या बाजूला, जमिनीवर सुटं असतं. ते घसरत लांब जातं, पाय त्याच्यामागे जातो आणि माणूस सुईच्या समोर न बसता तिरपा बसतो. पेडल एका फळीवर स्क्रूने पक्कं करा, फळीखाली रबर लावा आणि ती अशी ठेवा की सुई नाकासमोर असताना गुडघा काटकोनाहून थोडा उघडा राहील. डाव्या पायाखालीही तेवढ्याच उंचीची फळी हवी. नाहीतर कंबर वाकडीच.

शिवताना मान खाली जाते ती डोळ्यांमुळे. सुईजवळ छोटा एलईडी दिवा लावा आणि टेबलाच्या मागच्या पायांखाली दोन-तीन सेंटिमीटरचे ठोकळे देऊन ते आपल्याकडे किंचित कलतं करा. कापड दिसायला मान कमी वाकते. तेलाची टाकी असलेलं पॉवर मशीन मात्र मेकॅनिकला विचारल्याशिवाय कलवू नका, तेल सांडतं. स्टुलाऐवजी पाठ असलेली, हात नसलेली, चाकं नसलेली खुर्ची घ्या. चाकं असली की प्रत्येक वेळी पेडल दाबताना खुर्ची मागे जाते.

प्रश्न : मडगावच्या एका औषधालयात आठ तास उभं राहायचं. काउंटर १०५ सेंटिमीटर, त्यावरच बिलाचा संगणक. टाचा, पोटऱ्या, खांदे, सगळंच दुखतं. स्टूल मागितलं तर मालक म्हणतात गिऱ्हाइकासमोर बसणं बरं दिसत नाही. आम्हाला बसायचा हक्क आहे का?
एक वाचक, फातोर्डा

उत्तर : कारखान्यांसाठी ही तरतूद जुनी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात, उभ्याने काम करणाऱ्यांना कामाच्या ओघात मिळेल तेवढा विसावा घेता यावा म्हणून बसण्याची सोय ठेवणं मालकावर घातलं होतं. दुकानांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल आपापल्या कायद्यांत केला. तुमच्या मालकांना कायद्यापेक्षा हे सांगून पाहा: ६५ ते ७५ सेंटिमीटर उंच, पुढे कललेलं टेकायचं स्टूल असतं. त्यावर टेकलेला माणूस गिऱ्हाइकाला उभाच दिसतो.

तावेर्नात, म्हणजे दारूच्या दुकानात, काउंटरच्या खाली पाय ठेवायला दांडा असतो, तो उगाच नसतो. जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटरवर तसाच दांडा तुमच्या बाजूला बसवून घ्या. एक पाय त्यावर, थोड्या वेळाने दुसरा. कमरेचा बाक सैल पडतो. पायाखाली १२ ते १५ मिलिमीटरची रबरी चटई हवी, कडा उतरत्या. गादीसारखी मऊ चटई घेऊ नका, तिच्यावर तोल सांभाळण्यातच पोटऱ्या दमतात. खांद्याचं कारण काउंटर आहे: १५५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं कोपर उभ्याने ९७-९८ ला असतं. कीबोर्डपुरता काउंटरचा तुकडा ९५ वर उतरवून घ्या, नाहीतर तुमच्या बाजूला फळ्यांचा चौथरा.

याच विषयात पर्वरीहून एकाने विचारलं आहे, की विजेवर खालीवर होणारं उभं टेबल घेऊ का. दिवसभर उभं राहण्यासाठी घेत असाल तर वरचं पत्र पुन्हा वाचा. अर्धा तास बसून, दहा-पंधरा मिनिटं उभ्याने, असं करणार असाल तर घ्या. एका टेबलावर दोन पाळ्यांत वेगवेगळ्या उंचीची माणसं बसत असतील तर त्याचे पैसे नक्की वसूल होतात.

प्रश्न : समुद्रापासून जवळ ऑफिस. तीन वर्षांत खुर्च्यांचं रेक्झिन सोलून निघालं, दोन खुर्च्या आपोआप खाली बसतात, टेबलांच्या कडा फुगल्या. माल खराब की हवा?
एक वाचक, कांदोळी

उत्तर : हवा खारी, आणि माल तिच्यासाठी निवडलेला नाही. सोलून निघतं ते पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं नकली कातडं; दमट हवेत त्याचा थर पाण्यानेच तुटत जातो. त्याला मलम नाही. पुढच्या वेळी पाठीला जाळी आणि सीटला कापड घ्या. सीटचा फोम ४० डेन्सिटीच्या (घनमीटरला ४० किलो) खाली नको. दुकानात दाबून बघण्यापेक्षा बिलावर डेन्सिटी लिहून मागा. कापडावर बुरशी आली तर पुसून उन्हात काढा, पण श्रावणात ऊन कुठलं. म्हणून रात्री खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पंख्याखाली मोकळ्या ठेवा.

आपोआप खाली बसणारी खुर्ची म्हणजे गॅसच्या नळीचं सील गेलं. खाऱ्या हवेने दांड्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि दर वेळी खालीवर करताना ते सील घासतात. यात गॅस पुन्हा भरत नाहीत, नळीच बदलतात. ती खोबणीत ठोकून बसवलेली असते. गंजतेल टाकून रात्रभर ठेवा, मग पाइप पान्याने फिरवा. आत दाबाने भरलेला नायट्रोजन असतो, तेव्हा तापवू नका आणि भोक तर मुळीच पाडू नका. नवी येईपर्यंत दांड्यावर हव्या त्या उंचीला जुबिली क्लिप (स्क्रूने आवळायची पत्र्याची गोल पट्टी) आवळून ठेवली की खुर्ची तिथेच थांबते. नवी मागवताना लांबी सांगा. कमी उंचीच्या माणसांसाठी आखूड नळी मिळते आणि ती बसवली की पायट्याची गरज उरत नाही, अर्थात टेबल खाली असेल तर. चाकं बदलायची असतील तर फरशीसाठी मऊ पीयूची घ्या. कडक नायलॉनची गालिच्यासाठी असतात आणि फरशीवर घसरतात.

फुगलेली टेबलं भुसा दाबून केलेल्या बोर्डाची असणार. पाणी स्क्रूच्या भोकांतून आणि खालच्या उघड्या कडेतून शिरतं. बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, प्लाय घ्या, चारही कडांना पट्टी लावून घ्या आणि पाय जमिनीपासून दोन सेंटिमीटर उचलणारे रबरी बूट बसवा. फरशी पुसताना ओला कपडा कडेला लागतो, पावसापेक्षा तो जास्त नुकसान करतो.

प्रश्न : रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. संगणकाचंच काम आहे. माऊसखाली जेलची गादी घेतली, फरक नाही.
एक वाचक, डिचोली

उत्तर : कुठल्या बोटांना मुंग्या येतात ते आधी पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू असेल तर मनगटातली नस दबते आहे. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू असेल तर दुसरीच नस, आणि ती बहुधा कोपरापाशी दबते. खुर्चीच्या कडक हातावर किंवा टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसायची सवय आहे का ते बघा. मनगटाखालची गादी टाइप करताना वापरायची नसतेच. तिच्यावर मनगट टेकून बोटं हलवली की दाब नेमका त्या नसेवर येतो. ती फक्त थांबल्यावर तळहात टेकायला. माऊस मनगटाने न ढकलता कोपरापासून हलवा.

रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपण यांतही ही नस दबते, तेव्हा सगळा दोष संगणकावर न टाकता रक्ताची तपासणी करून घ्या. तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, अंगठ्याच्या बुडाशी असलेलं मांस उतरलेलं दिसलं किंवा हातातून कप निसटायला लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा आणि नसेची विद्युत तपासणी मागा.